यहूदा इस्कर्योतावर वीस मिनिटं बोलायचं असेल तर तयारी अशी करा

बेळगावजवळच्या कडोली, येळ्ळूर, उचगावकडच्या साहित्य संमेलनात किंवा कॉलेजात हा विषय घेणार असाल तर येशूच्या या शिष्यानं त्याला पकडून दिलं हे सांगत बसू नका, ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्यानं का केलं, एवढाच एक प्रश्न धरा आणि एकेका शतकाला विचारत पुढं चला.

सुरुवात नंदगडपासून करा. इंग्रजांशी लढणाऱ्या कित्तूरच्या संगोळ्ळी रायण्णाला फितुरीनं पकडलं, १८३१ ला तिथं फाशी दिलं, हे आपल्याकडं पोरंही सांगतील. मग समोरच्यांनाच विचारा, पकडून देणाऱ्यांनी का दिलं असेल? चार जण चार कारणं सांगतील, तिथंच यहूदाला आत आणा.

आता बायबल. येशूची कथा सांगणारी चार शुभवर्तमानं आहेत, मार्क, मत्तय, लूक, योहान. मार्कपासून वाचा, तो सगळ्यात जुना मानतात, आणि त्यात कारणच नाही बघा, यहूदा जातो आणि पैसे द्यायचं याजक नंतर कबूल करतात. मत्तयात तो आधीच विचारतो मला काय द्याल, मग चांदीची तीस नाणी येतात, पुढं पस्तावून ती देवळात फेकणं आणि गळफास. लूक म्हणतो सैतान शिरला, योहान तर त्याला थैलीतले पैसे चोरणाराच ठरवतो. आणि 'प्रेषितांची कृत्ये' या बायबलमधल्याच पुस्तकात गळफास नाहीच, शेतात पडून पोट फुटतं. ही ओळ मोठ्यानं वाचून दाखवा, मागच्या रांगेतले पण मोबाईल खाली ठेवतात.

मध्ययुगात फार रेंगाळू नका, पण दोन गोष्टी सोडायच्या नाहीत. एक, तेराव्या शतकातल्या संतचरित्रांच्या संग्रहात यहूदाला जन्मल्यावर पेटाऱ्यात घालून समुद्रात सोडतात, पुढं तो नकळत बापाला मारून आईशी लग्न करतो. (पेटारा म्हटल्यावर लोकांना कर्ण आठवणार, आठवू दे की.) दुसरी इटालियन कवी दान्तेची, नरकाच्या तळाला बर्फात अडकलेला तीन तोंडांचा सैतान, मधल्या तोंडात यहूदा, डोकं आत पाय बाहेर. सीझरला दग्यानं मारणारे ब्रूटस आणि कॅशियस बाजूच्या तोंडांत, पण त्यांची डोकी तरी बाहेर आहेत. हे सांगतानाच, त्या काळात यहूदाचं चित्र दाखवून सगळ्या ज्यू लोकांवर द्वेष काढला गेला हेही स्पष्ट बोला, ते गाळून हा विषय मांडणं मला तरी पटत नाही.

खरा वेळ इथून पुढं द्या. एकोणिसाव्या शतकात इंग्रज लेखक डी क्विन्सीनं म्हटलं की यहूदाला येशूला मारायचं नव्हतं, त्याला डिवचून राजा म्हणून उभं करायचं होतं. १९०७ मध्ये रशियन लेखक आंद्रेयेवनं आपल्या कथेत त्याला अर्धा चेहरा जिवंत, सुरकुत्यांचा आणि अर्धा गुळगुळीत, मेल्यासारखा दिला, आणि येशूवर प्रेमही त्याचंच सगळ्यात जास्त. १९४४ मध्ये अर्जेंटिनाचा लेखक बोर्हेसच्या कथेतला एक पंडित तर थेट म्हणतो, देवानं माणूस व्हायला यहूदालाच निवडलं. एवढं एक वाक्य सांगा आणि पाणी प्या, सभागृहात कुजबुज होऊ दे.

२००६ ला भाषांतर छापून आलेलं 'यहूदाचं शुभवर्तमान' कोणीतरी काढणारच. ते दुसऱ्या शतकातलं, त्याच शतकातल्या आयरेनियस या ख्रिस्ती बिशपला त्याची माहिती होती. पेपरवाल्यांनी तेव्हा यहूदाला हिरो करून टाकलं, पण त्यात तो खरंच हिरो आहे का यावर अभ्यासकांचंच जमत नाही, त्यामुळं त्या जोरावर निकाल देऊ नका, वेळ उरला तर परत मार्क १४ मधल्या त्याच दोन ओवी वाचा आणि प्रश्न घ्या.