पावडर प्रयोगशाळेतील उन्हाळी इंटर्नशिप: या चुका टाळा

पावडर अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेत इंटर्नशिपसाठी विद्यार्थी मे महिन्यात येतात आणि पहिल्याच आठवड्यात त्यांची तक्रार ठरलेली असते: "सर, मशीन दर वेळी वेगळं रीडिंग देतंय." या तक्रारीत यंत्राचा दोष क्वचितच निघतो. बहुतेक वेळा चूक पावडर यंत्रापर्यंत पोहोचण्याआधीच झालेली असते, म्हणून शोधही तिथूनच सुरू करावा.

सर्वांत मोठी चूक नमुना घेण्यात होते. दिवाळीच्या चिवड्याचा डबा आठवून पाहावा. चार दिवस हाताळल्यावर शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप वर राहतात, तर तिखट, मीठ आणि पोह्यांचा चुरा तळाशी जमा होतो. प्रवासात हादरलेल्या पावडरच्या पिंपातही हेच घडते, कारण बारीक कण मोठ्या कणांमधल्या फटींतून खाली झिरपतात. अशा पिंपातून वरचे चमचाभर उचलून मोजले तर मोजमाप अचूक असूनही ते त्या पिंपाचे नसते. नमुना पावडर वाहत असताना, संपूर्ण धारेतून आणि थोड्या थोड्या वेळाने घ्यावा. फिरत्या बाटल्यांचे विभाजक यंत्र नेमके हेच काम करते, आणि ते उपलब्ध नसेल तर शंकूसारखा ढीग करून, तो चपटा करून, त्याचे चार भाग पाडावेत व समोरासमोरचे दोन ठेवावेत. मात्र एवढे सगळे केल्यावर लेझर यंत्रासाठी (ते द्रवात मिसळलेल्या कणांचा आकार प्रकाशाने मोजते) लागणारी चिमूटभर पावडर पुन्हा बाटलीच्या वरून उचलणारे विद्यार्थी मी दरवर्षी पाहतो. विभाजन शेवटच्या चिमटीपर्यंत न्यावे लागते.

दोष कुठे आहे हे ओळखण्याची एक सोपी परीक्षा आहे. यंत्रात एकदा घातलेल्या पावडरचेच लागोपाठ तीन वेळा मोजमाप घ्यावे आणि नंतर तीन स्वतंत्र नमुने मोजावेत. पहिली तीन जुळली आणि दुसरी तीन जुळली नाहीत, तर दोष नमुना घेण्यात आहे. पहिल्या तिन्हींतच आकार सतत घटत असेल, तर कण द्रवात विरघळत आहेत किंवा गुठळ्या अजून सुटत आहेत. आलेखात मोठ्या आकाराच्या टोकाला अनपेक्षित उंचवटा दिसला, तर त्याला मोठे कण म्हणण्याआधी द्रवातले हवेचे बुडबुडे तपासावेत.

दुसरी गोष्ट हवेची. मुंबईत मोसमी पाऊस साधारण ११ जूनच्या सुमारास पोहोचतो, म्हणजे इंटर्नशिपच्या ऐन मध्यावर. माझ्या विद्यार्थिदशेत मी एका दूध पावडरचे मूळ नमुने मे महिन्यात मोजले आणि प्रवाह सुधारणारा घटक मिसळलेले नमुने जूनअखेरीस. त्या घटकाने प्रवाह बिघडतो असा निष्कर्ष मी लिहूनही टाकला होता. प्रत्यक्षात पावडरमधील अस्फटिकी (स्फटिकांची रचना नसलेल्या) लॅक्टोजने, म्हणजे दुधातल्या साखरेने, ओलावा शोषला होता आणि दोन बोटांत दाबल्यावर तिचा गोळा होत होता. सहा आठवड्यांचे काम पुन्हा करावे लागले. तेव्हापासून प्रत्येक रीडिंगशेजारी तापमान आणि सापेक्ष आर्द्रता लिहावी आणि मूळ नमुना त्याच दिवशी पुन्हा मोजावा, असा माझा आग्रह असतो. फ्रिजमधून काढलेली बाटली खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, अन्यथा थंड पावडरवर दव धरते.

डबा आपटला की त्यात जास्त पीठ मावते, हे घरोघरी माहीत असते, आणि ठोकून मोजायच्या घनतेचे तत्त्व तेच आहे. हाताने आपटणे मात्र प्रत्येकाचे निराळे असते, म्हणून यंत्रच वापरावे. प्रचलित पद्धतीत साधारण १०० ग्रॅम पावडर २५० मिलिलिटरच्या नळकांड्यात घालून १०, ५०० आणि १२५० ठोक्यांनंतर आकारमान वाचतात, आणि शेवटच्या दोन वाचनांत २ मिलिलिटरपेक्षा जास्त फरक असेल तर ठोके पुढे चालू ठेवतात. आकडेमोडीतही एक चूक वारंवार होते. पावडर किती सहज वाहते हे सांगणारा कार निर्देशांक म्हणजे दोन्ही घनतांमधला फरक भागिले ठोकलेली घनता, टक्क्यांत. सैल (न ठोकलेली) घनता ०.५०० आणि ठोकलेली ०.६२५ असेल तर तो २० येतो. पण छेदात चुकून सैल घनता घातली तर तो २५ होतो आणि पावडर विनाकारण खालच्या श्रेणीत जाते.

चाळणीवर अडकलेले कण बोटाने ढकलू नयेत, कारण त्याने कण तुटतात आणि जाळीही ताणली जाते. सर्व चाळण्यांवरील आणि तळाच्या थाळीतील वजनांची बेरीज मूळ वजनापेक्षा ५ टक्क्यांहून अधिक कमी भरली, तर चाचणी पुन्हा करावी.

सांडलेली पावडर दाबाच्या हवेने कधीही उडवू नये. साखर, पीठ, ॲल्युमिनियम यांची हवेत तरंगणारी धूळ स्फोट घडवू शकते. फेब्रुवारी २००८ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातल्या साखर शुद्धीकरण कारखान्यात साखरेच्या धुळीच्या स्फोटात १४ कामगार मृत्युमुखी पडले. धुळीसाठी योग्य असा व्हॅक्यूम वापरावा, उपकरणांचे अर्थिंग तपासावे आणि मास्क नाकावर नीट बसवावा.

शेवटच्या आठवड्यात उरलेल्या प्रत्येक बाटलीवर पावडरचे नाव, मूळ पिंपाचा क्रमांक, विभाजनाची पद्धत, तारीख आणि त्या दिवशीची आर्द्रता लिहून ती डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणारा पदार्थ ठेवलेल्या हवाबंद भांड्यात) ठेवावी. पुढच्या उन्हाळ्यात येणारा विद्यार्थी तीच बाटली उघडून काम सुरू करणार असतो.