सोमवार ते शुक्रवारच्या मुक्कामासाठी परवडणारी खोली कशी शोधावी

नोकरी धारणी, एटापल्ली किंवा झरी जामणीसारख्या तालुक्याच्या गावी आणि कुटुंब अमरावती-नागपूरला, अशी स्थिती असलेल्यांनी पूर्ण घर भाड्याने घेण्याआधी आपल्या खात्यातील तसेच जवळच्या शाळेतील व बँकेतील कर्मचाऱ्यांकडे चौकशी करावी. बदल्यांच्या हंगामात अनेक खोल्या रिकाम्या होतात आणि त्यांची खबर जाहिरातीपेक्षा चहाच्या टपरीवर व खानावळीत लवकर लागते. दोघांनी मिळून खोली घेतल्यास भाडे निम्म्यावर येते. विश्रामगृहावर मात्र भिस्त ठेवू नये, कारण तेथे शासकीय दौऱ्यांना प्राधान्य असते.

खोली भर दुपारीच पाहावी, असा माझा आग्रह आहे. टिनाच्या छपराखाली मे महिन्यात रात्रीही जिवाची काहिली होते, म्हणून स्लॅबची खोली थोडी महाग असली तरी तीच घ्यावी; कुलर बसेल अशी खिडकी आहे का, त्याला पुरेल इतके पाणी येते का आणि विजेचा सबमीटर वेगळा आहे का, हे घरमालकांना तेथेच विचारावे. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात बोअरचे पाणी चाखून पाहावे आणि ते खारट लागल्यास पिण्याच्या पाण्याच्या कॅनचा खर्च भाड्यात धरावा.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. अनामत रकमेचा उल्लेख करारात करून घ्यावा. शनिवार-रविवारी डबा नको, हे खानावळीत पहिल्याच दिवशी सांगून महिन्याचा दर त्यानुसार ठरवावा.