सुटणाऱ्या माणसाचा ओटीपी कुणाला जातो?

कारागृहात स्वयंसेवक म्हणून पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्याकडे व्यक्तिमत्त्व विकासाची टिपणं होती. तासाभरानं मागे बसलेल्या एका पोक्त माणसानं विचारलं, "ताई, माझं सिम बंद पडून तीन वर्षं झाली. आधारला नंबर तोच. बाहेर गेल्यावर ओटीपी कुणाला येणार?"

मला उत्तर देता आलं नाही. या कामात नव्यानं येणाऱ्यांना मी सगळ्यात आधी हाच प्रश्न सांगते.

वापर नसलेला नंबर काही महिन्यांत बंद होतो, पुढे दुसऱ्याच कुणाला मिळतो. दोन वर्षं व्यवहार नसलेलं बँक खातं निष्क्रिय होतं. म्हणजे माणूस सुटतो, पण कागदोपत्री तो कुठेच नसतो. म्हणून आम्ही क्रम पाठ करून घेतो: घरून मूळ आधार कार्ड मागवायचं, त्यावर नवं सिम, मग स्वतः आधार केंद्रावर जाऊन बोटांचे ठसे देऊन नंबर बदलायचा, त्यानंतर बँक. मुलाकातीला येणाऱ्या घरच्यांनाही हे समजावून सांगा. आधार कार्ड कुठल्या ट्रंकेत आहे ते बहुतेक वेळा बायकोलाच ठाऊक असतं.

बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम मात्र आखू नका. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत सुमारे ५ लाख ७३ हजार बंदी होते, त्यातले ४ लाख ३४ हजार न्यायाधीन, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले कच्चे कैदी. त्यांना सुटकेची तारीख नसते. जामिनाचा आदेश येतो आणि संध्याकाळी माणूस गेटबाहेर उभा असतो. तुमचा चौथा तास त्याला मिळेलच असं नाही, म्हणून प्रत्येक तास स्वतंत्र, पुरा असावा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ समजून घ्या. पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्यानं कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याच्या सुटकेची तरतूद त्यात आहे. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना मात्र ती लागू नाही. असा कुणी दिसला की विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाला कळवा. वकिली तुम्ही करू नका.

पक्क्या, म्हणजे शिक्षा झालेल्या कैद्यांचं नियोजन करता येतं. येरवड्यात २०२२ मध्ये राज्य सहकारी बँकेनं बंद्यांसाठी 'जिव्हाळा' कर्ज योजना सुरू केली: ५० हजारांपर्यंत, ७ टक्के व्याजानं. आत असतानाच घरी पैसे पाठवता आले की बाहेर आल्यावर घराचं दार उघडं राहण्याची शक्यता वाढते, असं मला ठाम वाटतं. टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून या क्षेत्रात आहे. अशा जुन्या कामाबरोबर काही महिने राहून मगच स्वतःचं काही सुरू करा.

गुन्हा काय केला, हे विचारू नका. चिठ्ठी, निरोप बाहेर नेऊ नका, अगदी आजारी आईसाठी असला तरी. एकानं नियम मोडला की सगळ्यांचंच येणं बंद होतं.

नोकरीच्या मुलाखतीचा सराव जरूर घ्या. "मधली चार वर्षं कुठे होता?" असं मी विचारलं की सगळे खाली बघतात. त्या पोक्त माणसानं सहाव्या वेळी मान वर करून सांगितलं, "केस चालू आहे, साहेब. तारखेला सुट्टी लागेल. बाकी दिवस वेळेवर येईन."

संस्थेचा फोन नंबर आम्ही तोंडपाठ करून घेतो, कारण चिठोरं हरवतं. तो सुटल्यावर आठव्या दिवशी त्यावर फोन आला. मागे रिक्षांचा गोंगाट होता.

"ताई, सिम मिळालं. नवा नंबर लिहून घ्या."