टँक तुंबलाय की शोषखड्डा?

ठाण्याजवळच्या येऊरच्या बंगल्यात जुलैमध्ये संडास गुळगुळ करत चढू लागला की सगळे आधी मैला उपसणाऱ्या टँकरवाल्याला फोन करतात. त्याआधी सेप्टिक टँक आणि त्याचं पाणी जमिनीत मुरवणारा शोषखड्डा यांच्यामधल्या चेंबरचं झाकण उघडा. चेंबर काठोकाठ भरलेला असेल तर खड्डा पाणी पीत नाहीये. चेंबर कोरडा आणि टँक काठोकाठ भरलेला असेल, तर टँकच्या आउटलेटचा टी-पाइप (पाणी बाहेर नेणारा टी आकाराचा पाइप) चोंदलाय. तो साफ करणं अर्ध्या तासाचं काम.

गाळ मोजायला लांब बांबूच्या खालच्या टोकाला मीटरभर जुना पांढरा टॉवेल गुंडाळा, टी-पाइपजवळ तळापर्यंत हळू सोडा, दोन-तीन मिनिटं थांबून वर काढा. काळा डाग पाण्याच्या खोलीच्या एक तृतीयांशाहून उंच असेल तर उपसा करायलाच हवा. नाहीतर गाळ खड्ड्यात वाहतो, मातीच्या छिद्रांवर काळा बुळबुळीत थर धरतो आणि मग ॲसिड, पावडर काही चालत नाही. त्याला उपाय शेजारी दुसरा खड्डा. पाणी तिकडे वळवून जुना काही महिने सुकू द्या.

उपसा शक्यतो एप्रिल-मेमध्ये. भर पावसात फायबरचा टँक रिकामा केला तर जमिनीतलं पाणी त्याला वर उचलतं आणि पाइप तुटतात. गच्चीचं पाणी टँकमध्ये किंवा शोषखड्ड्यात सोडलेलं असेल तर आजच तोडा.

टँकमध्ये कुणालाही उतरवू नका, डोकंही आत घालू नका. आतल्या वायूने माणूस क्षणात कोसळतो. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या 2013च्या कायद्यानेही संरक्षक साधनांशिवाय माणसाला टँक साफ करायला उतरवणं गुन्हा आहे.