बीम-फॉइल प्रयोगात या चुका टाळा

वेगवान आयन कार्बनच्या पातळ फॉइलमधून जाताना काही इलेक्ट्रॉन गमावतो, काही उचलतो आणि बरेचदा उत्तेजित होऊनच बाहेर पडतो. पुढे निर्वातात तो प्रकाश सोडत खालच्या ऊर्जा-पातळीत येतो. एखाद्या पातळीत तो सरासरी किती वेळ टिकतो, म्हणजे तिचं आयुर्मान, हे या प्रयोगात मोजायचं असतं. फॉइलपासूनचं अंतर हेच इथलं घड्याळ. 1 एमईव्ही (दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेचा निऑन आयन नॅनोसेकंदाला साधारण 3 मिमी कापतो, त्यामुळे फॉइलला मिलिमीटरभर फुगवटा आला तरी वेळेचं शून्य सरकतं.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे अंतरानुसार होणाऱ्या प्रकाशाच्या घटीला एकच घातांकी (एक्स्पोनेन्शियल) वक्र बसवून मोकळं होणं. फॉइल एकच पातळी निवडून भरत नाही. वरच्या पातळ्याही भरलेल्या असतात, आणि त्या रिकाम्या होताना आपल्या पातळीत भर घालत राहतात. मग आयुर्मान बहुधा खऱ्यापेक्षा जास्त येतं. लॉग आलेखावर शेपूट वाकलेलं दिसलं की दुसरा घातांक जोडायचा मोह होतो. फिट देखणा होतो, पण त्या दोन आकड्यांचा अर्थ काय, हे कळत नाही. त्यापेक्षा वरून भर घालणाऱ्या मुख्य पातळ्यांची घटही मोजा आणि दोन्ही वक्र एकत्र सोडवा. भौतिकशास्त्रज्ञ कर्टिस यांनी 1971 मध्ये सुचवलेली पद्धत हीच. मेहनत दुप्पट आहे, पण माझ्या मते याला पर्याय नाही.

वेग काढताना त्वरकाने (आयनांना वेग देणाऱ्या यंत्राने) दिलेली ऊर्जा जशीच्या तशी धरू नका. फॉइलमध्ये ती घटते. ऊर्जेत 4 टक्के चूक म्हणजे आयुर्मानात 2 टक्के. शिवाय बीमखाली फॉइलवर कार्बन साचून ती जाड होत जाते, म्हणजे सकाळचा आकडा संध्याकाळी चालेलच असं नाही.

प्रकाशाचा सिग्नल फक्त फॅराडे कपच्या (बीमचा विद्युतप्रवाह मोजणाऱ्या पात्राच्या) प्रवाहाने भागला, तर फॉइल बदलताना आयनांचा सरासरी प्रभार बदलतो तो सिग्नलमधला बदल वाटतो. त्यापेक्षा फॉइलपासून ठरावीक अंतरावर दुसरा प्रकाश-डिटेक्टर ठेवा आणि त्याच्या मापाने भागा.

वर्णपटातली अनोळखी रेषा कुठल्या प्रभाराच्या आयनाची, हे नुसत्या तरंगलांबीच्या तक्त्यावरून ठरवू नका. बीमची ऊर्जा वाढवून पाहा. जास्त प्रभाराच्या रेषा तुलनेने बळावतात. इथे दुहेरी उत्तेजित (दोन इलेक्ट्रॉन एकदम उत्तेजित असलेल्या) पातळ्यांच्या रेषाही सापडतात, साध्या दिव्यात त्या क्वचितच दिसतात. रेषा रुंद आली तर आधी डॉप्लर परिणाम (आयनाच्या वेगामुळे तरंगलांबी सरकणं) तपासा: वरच्या 1 एमईव्ही निऑनसाठी, बीमकडे काटकोनातून पाहताना, ±5 अंशांच्या स्वीकारकोनात (डिटेक्टर ज्या कोनातला प्रकाश घेतो त्यात) 400 नॅनोमीटरची रेषा दोन्ही बाजूंना सुमारे 0.35 नॅनोमीटर पसरते.

आणि वायूमधून जाणाऱ्या आयनांच्या प्रभाराचे आकडे फॉइलला लावू नका. घन पदार्थात दोन टकरींमधला वेळ इतका कमी असतो की उत्तेजित आयनाला शांत व्हायला सवडच मिळत नाही आणि पुढच्या टकरीत त्याचा इलेक्ट्रॉन सहज निघतो, म्हणून बाहेर येणारा प्रभार जास्त असतो.