माणूस गायब कसा करावा: मेलिएसची युक्ती, मोबाइलवर

एक बाई खुर्चीवर बसते. जादूगार तिच्यावर कापड टाकतो, झटक्यात ओढतो, तर खुर्ची रिकामी! पुढच्या क्षणी तिथे चक्क हाडांचा सांगाडा. जॉर्ज मेलिएसने १८९६ साली पॅरिसजवळ हा मिनिटाभराचा चित्रपट केला. तुमच्या हॉलमध्ये तो तासाभरात जमेल. सांगाडा नसेल तर घरातला टेडी चालेल.

मेलिएस हा मुळात जादूगारच. बाप बूट बनवणारा कारखानदार. याने मात्र त्या धंद्यातला आपला वाटा भावांना विकला आणि १८८८ मध्ये रोबेर-उदँ नावाचं जादूच्या खेळांचं नाट्यगृह घेतलं. २८ डिसेंबर १८९५ ला ल्युमिएर बंधूंच्या चित्रपटांचा पहिला जाहीर खेळ झाला तेव्हा तो प्रेक्षकांत होता. त्यांनी यंत्र विकायला नकार दिला, म्हणून त्याने लंडनहून रॉबर्ट पॉलचा प्रोजेक्टर आणला आणि त्यात फेरफार करून कॅमेरा बनवला.

युक्ती कशी सुचली त्याची गोष्ट तो स्वतःच सांगायचा. पॅरिसच्या ऑपेरा चौकात चित्रण चालू असताना फिल्म अडकली. ती सोडवून पुन्हा सुरू करेपर्यंत रस्त्यावरची वाहनं पुढे गेली. पडद्यावर पाहतो तर प्रवासी घोडागाडीची शववाहिका झालेली! गोष्ट झकास आहे, पण जादूगाराच्या तोंडची आहे, त्यामुळे मी ती चिमूटभर मीठ घालूनच ऐकतो. पुढे त्याच्या फिल्मच्या पट्ट्या बारकाईने तपासणाऱ्या अभ्यासकांना तिथे कात्री आणि डिंकाचे जोड सापडले. म्हणजे नुसता कॅमेरा थांबवून भागत नव्हतं; आधीची-नंतरची नको ती चित्रं तो कापून टाकायचा. आपणही तेच करायचं आहे.

पहिली पायरी: मोबाइल पक्का बसवा. स्टँड नसेल तर पुस्तकांच्या चळतीत अडकवा. पडद्यावर बोट दाबून धरा आणि फोकस व उजेड दोन्ही लॉक करा, नाहीतर माणूस उठताच चित्र उजळतं आणि बिंग फुटतं. पंखा बंद. पडदे बांधून ठेवा. खिडकीतून ऊन-सावली येत असेल तर ती लावून घ्या आणि दिवे लावा. मेलिएसला ही चैन नव्हती. १८९७ मध्ये पॅरिसजवळच्या मोंत्रईला बांधलेला त्याचा स्टुडिओ काचेच्या भिंतींचा आणि काचेच्या छताचा होता, कारण सूर्य हाच त्याचा मुख्य दिवा.

दुसरी पायरी: खुर्चीच्या पायांभोवती आणि जादूगाराच्या पावलांभोवती खडूने खुणा करा. मेलिएसने खुर्चीखाली वर्तमानपत्र पसरलं होतं, खाली चोरदार नाही हे प्रेक्षकांना पटावं म्हणून. तुम्हीही पसरा. लबाडी करताना प्रामाणिकपणाचा असा देखावा फार उपयोगी पडतो.

तिसरी पायरी, आणि सगळं अडतं ते इथेच: कापड टाका, हात उंचवा आणि ‘स्टॅच्यू!’ लहानपणी खेळायचो तसं. श्वाससुद्धा जपून. आता खुर्चीवरच्या माणसाने उठून बाजूला व्हायचं. कुणीतरी कापड पुन्हा तसंच खुर्चीवर घालायचं. जादूगाराने हलायचं नाही. रेकॉर्डिंग अजिबात बंद करू नका, बटण दाबलं की फोन केसभर सरकतोच. माझ्या पहिल्या प्रयत्नात भाचा गायब झाला खरा, पण त्याबरोबर भिंतीवरचं कॅलेंडरही उडी मारून गेलं.

चौथी पायरी: कुठल्याही एडिटिंग अ‍ॅपमध्ये मधला भाग कापा. कापायची जागा एकेक फ्रेम पुढे-मागे करून शोधा. हात जिथे तंतोतंत जुळेल तिथेच जोड द्या. आणि जोड हालचालीच्या ऐन भरात आला तर डोळा सहज फसतो, म्हणून कापड ओढायची सुरुवात जोडाला लागूनच होऊ द्या.

हे जमलं की पुढचा धडा घ्या. १८९८ च्या एका चित्रपटात मेलिएस स्वतःचं डोकं काढून टेबलावर ठेवतो, एकदा नव्हे, तीनदा. आणि ती डोकी बडबडतात. त्यासाठी मागे काळी पार्श्वभूमी, आणि तीच फिल्म मागे गुंडाळून पुन्हापुन्हा चित्रण. एक चूक झाली की सगळं पहिल्यापासून. अ‍ॅपमध्ये एका चित्रणावर दुसरं ठेवून ‘मास्क’ने नको तो भाग झाकला की तेच साधतं. आपल्या दादासाहेब फाळक्यांनाही जादूचा नाद होता. १९१२ मध्ये तेही कॅमेऱ्यासाठी लंडनलाच गेले होते, हा योगायोग मला फार आवडतो.

शेवटची पायरी लोक विसरतात: मूळ चित्रण पुसू नका. मेलिएसने ५००हून जास्त चित्रपट केले. १९०२ ची चंद्रावरची सफर तर जगभर चालली, पण अमेरिकेत त्याच्या चोरट्या प्रतींवर दुसऱ्यांनीच पैसे कमावले. पुढे तो कर्जात बुडाला आणि १९२३ मध्ये संतापाच्या भरात त्याने आपल्या निगेटिव्ह जाळून टाकल्या. नंतर मोंपार्नास स्टेशनात खेळणी आणि गोळ्या विकत बसायचा. तरी आज त्याचे २०० च्या आसपास चित्रपट पाहायला मिळतात ते विकल्या गेलेल्या प्रतींमुळे. हाताने रंगवलेली चंद्रसफर तर १९९३ मध्ये स्पेनमध्ये सापडली. तेव्हा एक प्रत फोनमध्ये ठेवा आणि एक भाच्याच्या आईकडे पाठवून द्या.