शेअरपॉइंटचा कारभार: या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

शेअरपॉइंट म्हणजे कंपनीच्या फाइली एकत्र ठेवण्याची आणि वाटून घेण्याची मायक्रोसॉफ्टची प्रणाली. मायक्रोसॉफ्ट ३६५ वापरणाऱ्या कंपनीत तिची जबाबदारी ज्याच्याकडे येते, त्याला सुरुवातीला ॲडमिन सेंटर (सगळ्या सेटिंग्जचे नियंत्रण-पान) दाखवले जाते, सेटिंग्ज समजावल्या जातात आणि त्या नीट लावल्या की झाले, असा त्याचा समज होतो. पुणे आणि चाकण परिसरातील कारखान्यांसाठी व सेवा कंपन्यांसाठी हे काम बरीच वर्षे केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की सेटिंग्ज हा या कामाचा सोपा भाग आहे. प्रत्येक साइटसाठी, म्हणजे एखाद्या विभागाच्या किंवा गटाच्या फाइलींच्या जागेसाठी, जबाबदार माणूस मिळवणे, आणि तो बदली होऊन किंवा नोकरी सोडून गेला की त्याच्या जागी लगेच दुसरा नेमून घेणे, हे खरे काम आहे. परवानग्या, साफसफाई, जुन्या कागदपत्रांचे जतन या सगळ्या गोष्टी अखेर त्या एका माणसापाशी येऊन थांबतात.

हे असे का झाले, ते समजण्यासाठी थोडा मागचा इतिहास माहीत असावा. शेअरपॉइंट २००१ साली आले तेव्हा ते कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवर चालत असे. साइट हवी असेल तर आयटी विभागाकडे विनंती करावी लागे, आणि त्या विनंतीबरोबर कोणाला, कशासाठी हे प्रश्नही आपोआप विचारले जात. २०११ साली ऑफिस ३६५ बरोबर ते क्लाउडवर आले आणि २०१७ साली टीम्स हे चॅट, बैठका आणि गटकामाचे ॲप आल्यावर चित्रच पालटले. ॲडमिनने निर्बंध घातला नसेल तर आता कोणीही कर्मचारी मिनिटभरात नवी टीम तयार करतो, आणि त्या टीमच्या मागे एक ग्रुप (सदस्यांची सामायिक यादी) व एक शेअरपॉइंट साइट निमूटपणे तयार होते. फाइल टीम्समध्ये ठेवली असे त्याला वाटते, पण चॅनेलमधली (टीममधल्या विषयवार कप्प्यातली) फाइल शेअरपॉइंटमध्ये आणि चॅटमधली फाइल पाठवणाऱ्याच्या वनड्राइव्हमध्ये, म्हणजे त्याच्या वैयक्तिक साठ्यात, गेलेली असते. निवडक सदस्यांपुरते प्रायव्हेट चॅनेल उघडले तर त्याची आणखी एक वेगळी साइट बनते, आणि टीमचा ओनर (तिची जबाबदारी असलेला माणूस) त्या चॅनेलचा सदस्य नसेल तर त्यालाही तिथल्या फाइली दिसत नाहीत. नव्या माणसाने पहिल्याच महिन्यात सगळ्या साइट्सची यादी काढावी आणि तीत या प्रायव्हेट चॅनेलच्या साइट्स आल्या आहेत ना, हे जातीने पाहावे.

परवानग्यांचा गोंधळ प्रत्यक्षात कसा दिसतो, हे एका प्रसंगातून सांगतो. एका कारखान्यात नव्याने लागलेल्या प्रशिक्षणार्थी मुलाने शोधाच्या चौकटीत ‘इन्क्रिमेंट’ हा शब्द टाकला, कारण त्याला वेतनवाढीचे धोरण वाचायचे होते. धोरणाच्या आधी त्याला दिसली ती एका विभागाच्या पगारवाढीची एक्सेल फाइल, नावांसकट. सुरक्षेत छिद्र पडले अशी सर्वांची समजूत झाली, पण शोधयंत्रणेने आपले काम चोख केले होते. ज्याला जी फाइल उघडण्याची परवानगी आहे तीच ती त्याला दाखवते. साइटच्या परवानग्यांच्या पानावर गेल्यावर उलगडा झाला. व्हिजिटर्सच्या (फक्त वाचण्याची परवानगी असलेल्यांच्या) गटात ‘एव्हरीवन एक्सेप्ट एक्स्टर्नल यूजर्स’ अशी एकच नोंद होती, म्हणजे कंपनीचे खाते असलेला प्रत्येक जण. ती साइट मुळात कँटीनचा मेनू आणि सुट्यांची यादी टाकण्यासाठी उघडलेली होती, म्हणून तेव्हा ती परवानगी योग्यच होती. पुढे साइट उघडणारी व्यक्ती नोकरी सोडून गेली, जागा मोकळी दिसली म्हणून दुसऱ्या कोणीतरी तिथे नवा फोल्डर केला, आणि ही साइट कोणाकोणाला दिसते हे सांगणारे विभागात कोणी उरले नव्हते. फाइल पाच मिनिटांत हलवली गेली. ओनर ठरवायला मात्र तीन बैठका लागल्या.

यातून परवानग्यांबाबत मी जी शिस्त पाळतो ती अशी. गोपनीयतेची सीमा साइटवर आखावी, फोल्डरवर नाही. पगाराची कागदपत्रे वेगळी ठेवायची असतील तर त्यांची साइटच वेगळी करावी. मोठ्या साइटच्या पोटात एक कुलूपबंद फोल्डर ठेवला तर आज तो कोणी बंद केला आणि का, हे दोन वर्षांनी कोणालाही आठवत नाही. वरून येणारी परवानगी मध्येच तोडून प्रत्येक फाइलला निराळी परवानगी देण्याची सोय आहे, आणि एका लायब्ररीत (साइटवरच्या फाइलींच्या संग्रहात) अशा ५०,००० पर्यंत निराळ्या परवानग्या चालतात, पण मायक्रोसॉफ्टचाच सल्ला ५,००० च्या आत राहण्याचा आहे. माणसाच्या हिशेबाने पाहिले तर त्याच्या कितीतरी आधी ताळमेळ सुटतो. व्यक्तींना सुट्या परवानग्या न देता गटांना द्याव्यात. शेअर करण्याच्या लिंकमध्ये ‘एनीवन’ हा प्रकार गरज नसेल तिथे बंदच ठेवावा, कारण ती लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला साइन-इन न करताही फाइल उघडता येते. डीफॉल्ट म्हणून ‘स्पेसिफिक पीपल’ (नाव घालून निवडलेली माणसेच) ठेवल्यावर सुरुवातीला कुरकुर होते, पण ती थोड्याच दिवसांत निवळते.

कोपायलट हा मायक्रोसॉफ्टचा एआय सहायक आल्यापासून ही शिस्त अधिकच निकडीची झाली आहे. तोही वापरकर्त्याच्या परवानगीबाहेरचे काही दाखवत नाही. फरक इतकाच की पूर्वी जे फोल्डरांच्या ढिगाखाली राहत असे ते आता साध्या प्रश्नाच्या उत्तरात वर येते. त्यामुळे कंपनी कोपायलट घेण्याच्या विचारात असेल तर आधी परवानग्यांचा आढावा घेण्यासाठी वेळ मागून घ्यावा, आणि तो मागताना संकोच करू नये.

आता ओनरविषयी. प्रत्येक साइटला किमान दोन ओनर असावेत आणि त्यातला एक तरी त्या विभागाचा कायम कर्मचारी असावा. कंत्राटी माणूस एकटा ओनर असणे धोक्याचे. ओनरचे खाते हटवले म्हणजे ग्रुप नाहीसा होत नाही, तो फक्त निर्नायकी होतो. अशा ग्रुपमधल्या सक्रिय सदस्यांना पत्र पाठवून ओनर होण्याविषयी विचारण्याची सोय ॲडमिन सेंटरमध्ये आहे, ती सुरू करावी. पण तिच्यापेक्षाही उपयोगी पडते ती एचआरच्या नो-ड्यूज फॉर्मवरची एक ओळ: ‘हा कर्मचारी कोणत्या साइट्सचा ओनर आहे आणि त्या कोणाकडे सोपवल्या?’ लॅपटॉप आणि ओळखपत्र परत घेतात त्याच टेबलावर हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. वनड्राइव्हच्या बाबतीत तर वेळ मोजका असतो. सेटिंग बदललेले नसेल तर खाते हटवल्यापासून ३० दिवस त्या माणसाचे वनड्राइव्ह टिकते, आणि त्या मुदतीत त्याच्या वरिष्ठाने कामाच्या फाइली योग्य साइटवर हलवून घ्यायच्या असतात. शेअरपॉइंटमधून हटवलेली फाइल रिसायकल बिनमध्ये ९३ दिवस राहते, हा आकडा पाठच ठेवावा, कारण तो तुम्हाला फोनवर घाईघाईत विचारला जाईल.

नावे आणि शोध यांबाबत मराठी कागदपत्रे असलेल्या कंपन्यांची एक खास अडचण आहे, जी परदेशी मार्गदर्शिकांत सापडत नाही. कारखान्यांतील सूचना, रजेची परिपत्रके, युनियनशी झालेले करार यांपैकी जुने बरेचसे कागद युनिकोडपूर्व फाँटमध्ये, म्हणजे मराठी अक्षरांसाठी सर्वमान्य संगणकीय संकेत रूढ होण्याआधीच्या फाँटमध्ये, टंकलेले असतात. पडद्यावर ते मराठी दिसतात, पण आत साठवलेली अक्षरे रोमन खुणांची असतात. त्यामुळे शोधात ‘रजा’ टाकले तर रजेचे परिपत्रक येतच नाही. अशा लायब्ररीसाठी फाइलीचा विषय, वर्ष आणि विभाग हे युनिकोड मराठीत भरलेले वेगळे कॉलम ठेवावेत, आणि महत्त्वाचे दस्तऐवज युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावेत. काम कंटाळवाणे आहे, पण शॉप-फ्लोअरवरच्या माणसाला स्वतःचा करार सापडणे ही माझ्या दृष्टीने या सगळ्या खटाटोपाची खरी कसोटी आहे. फोल्डरात फोल्डर करत जाण्याची सवयही इथेच मोडावी: फोल्डर आणि फाइलनावासह पूर्ण मार्गाला ४०० अक्षरांची मर्यादा आहे, आणि ५,००० हून अधिक नोंदींच्या लायब्ररीत इंडेक्स (शोधासाठीची सूची) नसलेल्या कॉलमवर फिल्टर लावला की ते अडते.

जतनाचा निर्णय आयटीने एकट्याने घेऊ नये. कंपनी कायदा २०१३ नुसार हिशेबाची पुस्तके आणि व्हाउचर किमान ८ आर्थिक वर्षे ठेवावी लागतात. उलट वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याचा रोख असा आहे की हेतू संपल्यावर आणि दुसऱ्या कायद्याने ठेवायला सांगितले नसेल तर वैयक्तिक माहिती पुसली जावी. म्हणजे सगळेच ठेवणे आणि सगळेच पुसणे, दोन्ही चूक. लेखा विभाग, एचआर आणि कंपनी सेक्रेटरी यांच्याबरोबर बसून कोणत्या प्रकारचा कागद किती वर्षे ठेवायचा याची यादी करावी, आणि मगच रिटेन्शन लेबल (फाइल किती काळ ठेवायची हे ठरवणारी खूण) लावायला घ्यावे. जागेचा हिशेबही याच बैठकीत मांडावा. टेनंटला, म्हणजे कंपनीच्या संपूर्ण मायक्रोसॉफ्ट ३६५ खात्याला, १ टीबी आणि त्यावर प्रत्येक लायसन्समागे १० जीबी मिळतात, म्हणजे ५०० माणसांच्या कंपनीला सुमारे ६ टीबी. सेटिंग बदललेले नसेल तर एका फाइलीच्या ५०० पर्यंत आवृत्त्या राहू शकतात आणि त्यांचाही आकार या कोट्यात धरला जातो, हे ऐकल्यावर विभागप्रमुख साफसफाईला लवकर तयार होतात.

शिकण्याच्या बाबतीत, मायक्रोसॉफ्ट लर्नवरील विनामूल्य साहित्य पुरेसे आहे आणि सरावासाठी महिनाभराचा चाचणी टेनंट घेता येतो. प्रमाणपत्र हवे असेल तर ॲडमिनच्या बाजूने एमएस-१०२ आणि माहिती-सुरक्षेच्या बाजूने एससी-४०१ या परीक्षा उपयोगी पडतात. त्याबरोबर पीएनपी पॉवरशेल (आज्ञा लिहून शेअरपॉइंट हाताळण्याचे साधन) इतके यावे की सर्व साइट्सची नावे, ओनर, शेवटच्या वापराची तारीख आणि बाहेरच्यांशी शेअरिंग चालू आहे की नाही, एवढी माहिती स्वतः एका तक्त्यात काढता यावी. मी मुलाखत घेतो तेव्हा उमेदवाराला सेटिंग कुठे आहे हे क्वचितच विचारतो. त्याच्यापुढे असाच एक तक्ता ठेवतो आणि विचारतो की यांतल्या कोणत्या विभागप्रमुखाला तुम्ही आधी फोन कराल, आणि त्यांना काय सांगाल.